स्कोअर लिहिणाऱ्या विजयमालाबाई

जयपुरात जवाहर नगरातल्या रिसबुडांच्या घरी हिवाळ्यात मधूनच सलग पाच दिवस भाजी करपायची. शेजारच्या माथुरभाभींनी एकदा खिडकीतून डोकावून पाहिलं होतं. विजयमालाबाई ओट्याला पाठ लावून पाटावर बसलेल्या, शेजारी रेडिओ अगदी हळू लावलेला, मांडीवर वही आणि हातात पेन. वहीत बारीक बारीक काहीतरी उतरत होतं. भाभींनी कॉलनीभर सांगितलं, "रिसबूड भाभी रामनाम लिखती हैं. पूरा दिन." तेव्हापासून बायका त्यांच्याशी जरा अदबीने बोलू लागल्या. विजयमालाबाईंनी तो गैरसमज कधी दूर केला नाही. काय सांगणार होत्या? त्या वहीत टिंबं होती, आकडे होते आणि गोलंदाजांची नावं होती. कानपुरात, कलकत्त्यात, कुठेही कसोटी सामना चालू असला की त्या पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत त्याचा स्कोअर लिहीत.

हे वेड त्यांना मिरजेत लागलं. थोरला भाऊ विष्णू तिथल्या क्लबाचा स्कोअरर होता. मैदानाच्या कडेला चिंचेखाली टेबल मांडून बसायचा, आणि धाकट्या बहिणीला पेन्सिली तासायला सोबत न्यायचा. पोर नुसत्या पेन्सिली तासत राहिली नाही. सहा चेंडूंत एकही धाव निघाली नाही तर सहा टिंबं जोडून इंग्रजी एम काढायचा, हे तिने न विचारता उचललं. तेरा वर्षांची असताना, विष्णू तापाने फणफणला होता त्या रविवारी, तिने सबंध सामना एकटीने लिहिला. कोल्हापूरच्या संघाचा कप्तान कुरकुरला, "परकऱ्या पोरीच्या हातात स्कोअर?" पण संध्याकाळी फलंदाजांच्या धावा, अवांतर धावा आणि गोलंदाजांनी दिलेल्या धावा अशी तिन्हीकडून बेरीज जुळली, तेव्हा त्यानेच वहीवर सही केली. पुढच्या वर्षी ती साडी नेसू लागली आणि आईने मैदान बंद केलं. मग रेडिओ उरला.

बासष्ट साली बी.ए. होऊन त्या रिसबुडांच्या घरात आल्या. चंद्रकांत रिसबूड जयपूरला विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवत. माणूस वाईट नव्हता. दारू नाही, आरडाओरडा नाही, पहिली तारीख चुकवणं नाही. फक्त बायकोला स्वतःचं असं काही हवं असू शकतं, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नाही. वह्या साठत गेल्या तसे ते एकदा म्हणाले, "अगं, दुसऱ्या दिवशी पेपरात सगळं छापूनच येतं की." त्या म्हणाल्या, "हो, येतं." विषय तिथेच संपला.

एवढ्या वर्षांत त्यांनी डोळ्यांनी मोठा सामना एकही पाहिला नव्हता. मिरजेच्या मैदानानंतर पुढचं सगळं क्रिकेट कानांनीच. चेंडू वळतो म्हणजे किती वळतो, स्लिपमध्ये माणसं कशी वाकून उभी राहतात, हे त्या आठवणीतून रचत.

त्र्याऐंशी साली जयपूरच्या स्टेडियमवर आंतरराष्ट्रीय सामना ठरला आणि गावाला क्रिकेटचा ताप चढला. चारदीवारीतल्या, म्हणजे तटाआतल्या जुन्या शहरातल्या जवाहिऱ्यांपासून सब्जीवाल्यापर्यंत सगळे पासांच्या मागे. एका संध्याकाळी चंद्रकांत घरी आले ते दोन पास खिशात घेऊनच. विजयमालाबाईंनी ते हातात घेतले, उलटून पाहिले, देवापुढे ठेवले. त्या रात्री त्यांनी नव्या वहीवर रेघा आखल्या.

तिसऱ्या दिवशी पास देवापुढे नव्हते.

"विभागप्रमुखांना दिले," चंद्रकांत बूट काढता काढता म्हणाले. "त्यांच्या मुलाला फार हौस आहे. आणि माझी प्रोफेसरशिपची फाईल त्यांच्याच टेबलावर आहे, तुला माहितीये."

विजयमालाबाईंनी देवापुढची रिकामी जागा फडक्याने पुसली.

"तू रेडिओवर ऐकतेसच ना," ते म्हणाले.

सामन्याच्या दिवशी त्यांनी रेडिओ लावला, पण तो गच्चीवर नेला की आधी रेडिओतला ओरडा यायचा, आणि मग वाऱ्याबरोबर स्टेडियमकडून लोकांचा ओरडा. दोन्ही ऐकत त्यांनी स्कोअर लिहिला. वहीत खाडाखोड कुठेच नाही. चंद्रकांतांना प्रोफेसरशिप मिळाली नाही. दुसऱ्याच कुणाला मिळाली.

पुढची संधी यायला तीन वर्षं लागली. शहाऐंशीच्या जानेवारीत शहरभर भिंतींवर कागद चिकटले. दुष्काळनिधीसाठी प्रदर्शनीय सामना, तीस-तीस षटकांचा. कसोटी खेळाडू येणार, सिनेमातली मंडळी येणार, आणि सामना आटोपला की त्याच मैदानावर गाण्यांचा कार्यक्रम. मुलगी निशिगंधा तेव्हा सतरा वर्षांची होती. ती कॉलेजातून नाचतच आली.

"आई, मतलब सगळे येणार आहेत! तो पण!" तिने एका नटाचं नाव घेतलं. "माझ्या सगळ्या फ्रेंड्स चालल्यात. तू पप्पांना बोल ना."

"पप्पांना कशाला?" विजयमालाबाई म्हणाल्या. "मीच काढते तिकिटं. मीही येते."

निशिगंधाला वाटलं, आईला गाणी ऐकायची आहेत.

तिकिटं बँकेत मिळत होती. विजयमालाबाई सकाळी सहाला जाऊन बायकांच्या रांगेत उभ्या राहिल्या. गारठा असा की श्वासाची वाफ दिसत होती. दुपारी एक वाजता त्यांच्या हातात दोन गुलाबी तिकिटं पडली. घरी येऊन त्यांनी चंद्रकांतांना ती दाखवली आणि म्हणाल्या, "ही कुणालाही द्यायची नाहीत." लग्नाच्या चोवीस वर्षांत त्या या सुरात पहिल्यांदाच बोलल्या असाव्यात. चंद्रकांतांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"त्या गर्दीत तुला जमणार आहे का?" एवढंच ते म्हणाले.

सामन्याच्या दिवशी मायलेकी नऊ वाजताच फाटकाशी पोचल्या. बायकांसाठी एकच फाटक होतं, तेही अर्धं उघडं. आत सोडायला दोन महिला शिपाई. एक तिकीट बघत होती, दुसरी पिशव्या उपसत होती. डबा, संत्री, पाण्याची बाटली, सगळं बाजूला फेकलं जात होतं. भिंतीशी फळांचा ढीग झाला होता आणि त्यात एक गाय तोंड घालत होती.

"ये पेन नहीं जाएगा," शिपाईबाई म्हणाली.

"पेन? पेनसे क्या होगा?"

"फेंक के मारते हैं. ऑर्डर है."

विजयमालाबाईंच्या पिशवीत तीन पेनं होती. तिन्ही ढिगात गेली. मागची बाई लोकरीचा गुंडा आणि विणायच्या लांब सुया घेऊन तशीच आत शिरली. तिला कुणी अडवलं नाही. वही मात्र राहिली. "कॉपी ले जाओ," शिपाईबाईने उदार मनाने सांगितलं.

आत शिरल्यावर त्यांना दोन मिनिटं काही सुचेना. एवढं मोठं हिरवं मैदान एकदम डोळ्यांसमोर आलं. रेडिओतून त्यांनी मनात रचलेली मैदानं सगळी याच्यापेक्षा लहान होती. मग मागून धक्के बसले आणि त्या सिमेंटच्या पायऱ्या चढू लागल्या. तिकिटावर जागेचा आकडा होता, पण पायऱ्यांवर आकडेच नव्हते. जिला जिथे जागा मिळाली तिथे ती सतरंजी टाकून बसली होती. मध्यावरच्या चांगल्या जागा कुठल्या कुठल्या साहेबांच्या कुटुंबांनी सकाळपासून धरून ठेवल्या होत्या. या दोघींना वरच्या टोकाला, शामियान्याच्या खांबाआड जागा मिळाली. खांबामुळे एका बाजूच्या यष्टी दिसत नव्हत्या. मान उजवीकडे कलती ठेवली की दिसत. त्यांनी ती तशीच ठेवली.

बायकांची मोरी खाली होती, तिला कुलूप होतं. पाण्याच्या माठापाशी एकच पत्र्याचा पेला साखळीला बांधलेला. खाली एकदा उतरलं की जागा जाणार, म्हणून बायका दिवसभर तहानेल्या बसल्या होत्या.

नाणेफेक झाली. विजयमालाबाई आजूबाजूला विचारू लागल्या, "पेन है किसीके पास? पेन्सिल?" दोन ओळी खाली बसलेल्या कॉलेजच्या एका मुलीने पर्स चाचपली आणि हसत भुवया रंगवायची पेन्सिल पुढे केली. "आंटीजी, ये चलेगी?"

चालली. जाड, काळी, तेलकट रेघ उमटायची, टिंब म्हणून वाटाणा व्हायचा. पण चालली. पहिला चेंडू पडला आणि त्यांनी पहिलं टिंब काढलं.

पुढचा दीड तास म्हणजे विजयमालाबाईंच्या आयुष्यातला सुखाचा तुकडा होता, असं म्हणायला हरकत नाही. गोलंदाज धावत येताना दिसत होता. बॅटीवर चेंडू बसलेला आधी दिसायचा आणि मग एका निमिषाने टक् असा आवाज यायचा. हे त्यांना कुठल्याही रेडिओने सांगितलं नव्हतं. एक उंच, सडपातळ फलंदाज होता. तो चेंडू नुसता ढकलायचा, आणि खाली बसलेल्यांचं लक्षही जायच्या आत तो सीमेला लागलेला असायचा. निशिगंधा मैत्रिणींशी बोलण्यात गुंग होती. तिने एकदा आईकडे पाहिलं तर आईच्या गालाला काळं लागलेलं, मान वाकडी, आणि ओठ हलत होते.

"आई, तू काय बोलतेस?"

"पंच सांगतोय ते. लेगबाय." मग एकदम उजळून त्या म्हणाल्या, "अगं निशू, बघ, फळ्यावर चूक आहे! एक धाव कमी लावलीय त्यांनी. सातव्या षटकातली लेगबाय घेतलीच नाही."

शेजारच्या सुयावाल्या बाईंनाही त्यांनी ते सांगितलं. बाई टाके मोजत म्हणाल्या, "एक रन से क्या होता है, बहनजी?"

विजयमालाबाई हसल्या. काय होतं ते त्या सांगू शकल्या नसत्या. सतराव्या षटकाला भुवयांची पेन्सिल झिजून बोटभर उरली. त्या नखाने लाकूड सोलत होत्या तेव्हा पलीकडून गलका उठला.

तो नट आला होता. उघड्या मोटारीतून, मैदानाच्या कडेने, हात हलवत. सामना थांबला. मोटार बायकांच्या गॅलरीच्या बाजूला वळली आणि वरच्या पायऱ्यांवरची सगळी माणसं एकदम उठली. पुरुषांच्या भागातून बांबूचं कुंपण ओलांडून पोरं इकडे घुसली. निशिगंधा मैत्रिणींबरोबर कधी उठली आणि खाली धावली, ते विजयमालाबाईंना कळलंही नाही. कळलं तेव्हा तिची पिवळी ओढणी पंधरा पायऱ्या खाली, कठड्याजवळच्या गर्दीत दिसत होती, आणि वरून माणसांचा लोंढा तिच्याच दिशेने निघाला होता.

"निशू! मागे ये! निशू!"

त्या वही छातीशी धरून उतरल्या. सात-आठ पायऱ्या उतरल्या असतील. मग पायाखाली पायरी आली नाही, कुणाचं तरी अंग आलं. त्या उजव्या हातावर पडल्या. हात पायरीच्या कडेवर होता आणि त्याच्यावरून माणसं जात होती. पहिल्या दोन पायांचं दुखलं, पुढचं दुखलं नाही. तोंडाजवळ एक सुटलेली चप्पल होती आणि कुणीतरी सारखं "हाय राम, हाय राम" म्हणत होतं. तो आवाज त्यांना फार दूरचा वाटला.

मोटार पुढे गेली तशी गर्दीही पुढे गेली. दहा मिनिटांत पायऱ्या मोकळ्या झाल्या. सात-आठ बायका पडलेल्या होत्या. महिला शिपायाने विजयमालाबाईंना बसतं केलं, तोंडावर पाणी मारलं. तेवढ्यात मैदानावर खेळ पुन्हा सुरू झाला. लोक टाळ्या वाजवू लागले. ओठ फुटलेली निशिगंधा रडत रडत वर आली तेव्हा आई डाव्या हाताने भोवतालचे कागद उलटेपालटे करत होती.

"आई, तुझा हात! बघ ना तुझा हात!"

"वही बघ कुठे पडली," त्या म्हणाल्या.

वही मिळाली नाही.

इस्पितळाच्या गाडीला फाटकातून आत यायला वाट नव्हती. त्यांना दोघांनी खुर्चीवर बसवून बाहेर आणलं. मनगटाची हाडं तीन ठिकाणी मोडली होती. हाडं जुळली, वेडीवाकडी का होईना. पण बोटांकडे जाणारी शीर चेमटली होती. अंगठा आणि पुढची दोन बोटं बधिर झाली ती झालीच. डॉक्टरांनी आधी सहा आठवडे सांगितले, मग सहा महिने, आणि मग सांगणं बंद केलं. चंद्रकांत इस्पितळात आले तेव्हा त्यांच्या ओठांवर "मी म्हणालो होतो" हे शब्द आलेले दिसत होते. त्यांनी ते गिळले. त्याबद्दल विजयमालाबाईंना त्यांचे आभार मानावेसे वाटले.

पेपरात दुसऱ्या दिवशी चार ओळी आल्या. किरकोळ धावपळ, काही महिला जखमी, कार्यक्रम अतिशय यशस्वी.

उन्हाळाभर विजयमालाबाईंनी डाव्या हाताने गिरवून पाहिलं. पाटीवर, लहान मुलासारखं. आकडे येऊ लागले, पण हात सावकाश चाले. जूनमध्ये विलायतेतला सामना रेडिओवर लागला. त्या वही घेऊन बसल्या. एक चेंडू लिहून होईतो समालोचक दोन चेंडू पुढे गेलेला असे. चौथ्या षटकात त्यांची बेरीज चुकली. सहाव्यात कुठला फलंदाज कुठल्या टोकाला, हेच कळेना. त्यांनी रेडिओ बंद केला. पुन्हा कधी लावला नाही. चंद्रकांतांनी एकदोनदा स्वतः लावून दिला. "ऐक नुसतं, लिहायलाच कशाला हवं?" ते म्हणाले. विजयमालाबाईंनी ऐकून पाहिलं. न लिहिता त्यांना काही दिसत नव्हतं. नुसता माणसांचा ओरडा होता, आणि तो ओरडा आला की त्यांचा हात आपोआप पोटाशी जाई.

घरात निशिगंधा आईसमोर यायचं टाळू लागली. पोळ्या ती लाटे, आईची वेणी ती घाले, पण डोळ्याला डोळा देईना. एकदा वेणी घालता घालता म्हणाली, "आई, मी जर खाली नसते गेले..."

"तू कुठे, मीच आले ना खाली," विजयमालाबाई म्हणाल्या.

बोलायचं होतं ते वेगळंच. तुझी चूक नाही, असं स्पष्ट म्हणायचं होतं. पण मनाच्या एका कोपऱ्यात ती पिवळी ओढणी होती, आणि खोटं बोलणं त्यांना जमत नसे. निशिगंधाने वेणीचं टोक बांधलं आणि उठून गेली. जयपूरचं बी.एस्सी. अर्धवट टाकून ती बडोद्याला मावशीकडे शिकायला गेली. पत्रं हिंदीतून येत, कारण मराठी लिहिताना तिच्या चुका होत. मजकूर तोच असे. मी ठीक आहे, तू हाताचा व्यायाम कर.

घटनेची चौकशी दोन वर्षांनी लागली. एका सरकारी कचेरीतून कागद आला, जबानीला हजर राहावं. चंद्रकांतांनी रजा काढली. लांबलचक व्हरांड्यात बाकावर दोघं तीन तास बसली. पडलेल्या बायकांपैकी आणखी दोघीच आल्या होत्या. एकीचा मुलगा कारकुनाशी भांडत होता आणि कारकून पान चघळत ऐकत होता.

आत विजयमालाबाईंनी सगळं सांगितलं. फाटक अर्धं उघडं होतं, पायऱ्यांवर आकडे नव्हते, कुंपण बांबूचं होतं. मोटार वळली ते सतरावं षटक, चौथा चेंडू होऊन गेला होता. लिहून घेणाऱ्याने मान वर केली.

"ओवर-बोवर छोड़िए माताजी. टाइम बताइए."

वेळ त्यांना सांगता आली नाही. घड्याळ त्यांनी पाहिलंच नव्हतं. "समय अज्ञात," असं त्याने लिहिलं. मग दीड पानाचा कागद त्यांच्यापुढे सरकवला आणि पेन दिलं.

विजयमालाबाईंनी पेन डाव्या हातात धरलं. व चा गोल काढला, तो कागदावरून घसरला. पुन्हा टेकवला. बाहेर लोक ताटकळले होते, कचेरी बंद व्हायला आली होती. कारकुनाने चंद्रकांतांकडे पाहिलं, पेन काढून घेतलं आणि शाईची चपटी डबी पुढे केली.

"अंगूठा लगवा दीजिए."

त्याने स्वतःच त्यांचा उजवा अंगठा धरला, डबीत दाबला, कागदावर दाबला. त्यांना त्या अंगठ्याला काहीच जाणवलं नाही, म्हणून त्या नुसत्या बघत राहिल्या. ठशाशेजारी त्याने सराईतपणे एक शब्द लिहिला आणि कागद चळतीवर ठेवला. उलट्या बाजूनेही त्यांना तो वाचता आला. निरक्षर.

परतताना ऑटोत चंद्रकांतांनी खिशातून रुमाल काढला, त्याला थुंकी लावली आणि बायकोचा अंगठा पुसू लागले. शाई निघेना. नखाच्या कडेत गेली होती.

"मी सांगायला हवं होतं त्याला," ते म्हणाले. "तू बी.ए. आहेस म्हणून. का नाही सांगितलं मी?"

विजयमालाबाई रस्त्याकडे बघत होत्या. निकाल काही लागणार नाही हे त्यांना दिसत होतं, आणि तो लागलाही नाही. वर्षभराने फाईल कुठल्या तरी दुसऱ्या खात्यात गेली, तिथून तिचा पत्ता लागला नाही.

"राहू द्या आता," त्या म्हणाल्या. "मला कळत नाहीये तुम्ही पुसताय ते."

पण ते थेट जवाहर नगर येईपर्यंत पुसत राहिले.